दोन कड्या, एक ट्रेलर

माझी मुलगी सिग्नी हिने आयुष्यात कधी कोणावर आवाज चढवलेला नाही. लहानपणी तिचं कोणाशी बिनसलं तर ती त्या मुलीची वेणी ओढत नसे. वर्गातल्या सगळ्या पोरींना वाढदिवसाला बोलवायची आणि तेवढी एक सोडायची. गल्लीतल्या बायका मला म्हणायच्या, "आर्डिस, नशीब काढलंस, किती गोड पोरगी!" मी आयुष्यभर शाळेची बस चालवली. समोरच्या आरशात बघून मागच्या बाकावर कोण कोणाला चिमटे काढतंय ते ओळखणं हेच माझं काम होतं. त्यामुळे गोड पोरींचं मला फारसं कौतुक नाही, मग ती माझ्या पोटची का असेना.

तसं बघितलं तर आम्ही मिनेसोटावाले सगळेच गोड. तोंडावर नाही म्हणायचं म्हटलं की आमच्या जिवावर येतं. कोणाची भाजी खारट झाली तर आम्ही म्हणतो, "वेगळीच चव आहे हं!" आणि दुसऱ्यांदा वाढून घेतो. भांडायचं नाही, रडायचं नाही, घटस्फोट घ्यायचा तोसुद्धा हसतमुखाने. सिग्नी आणि ऑरिनचा तसाच झाला. ऑरिन माझा जावई, म्हणजे तेव्हाचा. एका हिवाळ्यात पिऊन गाडी चालवताना त्याने शेजाऱ्याची टपालपेटी आडवी केली होती. गाडीत मुलं नव्हती, पण लायसन्स गेलं ते गेलंच, आणि पुढे बायकोही गेली. त्यानंतर त्याने थेंबाला हात लावलेला नाही. हे मला ठाऊक आहे, सिग्नीलाही ठाऊक आहे. तो शाळेच्या स्वयंपाकघरात काम करतो, नदीपलीकडे दोन खोल्यांत राहतो आणि सगळीकडे सायकलने जातो. सायकल त्याची जुनी, लोखंडी, मागच्या चाकाला चांगले जाड नट असलेली.

मुलं दोन. हॅटी चार वर्षांची, तोंडाचा पट्टा अखंड चालू. बो दोन वर्षांचा, अजून 'दे' आणि 'डॅडा' यांच्यापुढे गेलेला नाही. शनिवार बापाचा, असं ठरलं. आणि मुलं त्याच्याकडे न्यायची कशी, यावर दोघांनी अशी काही युक्ती काढली की सगळी वस्ती वाहवा करू लागली. ट्रेलर एकच ठेवायचा, सायकलच्या मागे लावतात तो, दोन मुलांना शेजारी शेजारी बसता येईल असा, पुढे जाळी, मागे झेंडा. पण कड्या दोन. एक कडी सिग्नीच्या सायकलच्या मागच्या चाकाला, दुसरी ऑरिनच्या. शनिवारी सकाळी तळ्याकाठी, होड्यांच्या छपरापाशी दोघांनी यायचं. सिग्नीने पिन काढायची, दांडा उचलायचा, ऑरिनने आपली सायकल मागे घेत आणायची, दांडा आपल्या कडीत बसवायचा, पिन घालायची, वरून पट्टा आवळायचा. मुलांना उतरायचंसुद्धा नाही. बो बऱ्याचदा झोपलेलाच असायचा. आईच्या मागे झोपायचा आणि बापाच्या मागे जागा व्हायचा. पिन बसल्याचा 'खट्' आवाज झाला की हॅटी आतून ओरडायची, "जोडलं!" तो तिचा मान होता. ती ओरडल्याशिवाय ऑरिन पायडल मारत नसे.

मीही थर्मास घेऊन तिथे जायची, मुलांना टाटा करायला. तळ्याभोवती पळणारी माणसं थांबून बघायची. एक बाई तर एकदा रडली. म्हणाली, "माझ्या नवऱ्याला हे दाखवायला हवं होतं."

घटस्फोटात मुलांचं ठरवून देणाऱ्या मध्यस्थ बाईंसमोर सिग्नीनेच आग्रह धरला होता: शनिवारी, तळ्याकाठी, आणि ट्रेलरमधूनच. कोणाच्या गाडीतून नाही, बसमधून नाही. ऑरिनने आनंदाने मान हलवली. ट्रेलर बदलला तर काय, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. कोणाच्याच आलं नाही. एवढ्या कौतुकाच्या गोष्टीत खोट कोण शोधतं?

मग पियर्स आला. सिग्नीचा नवा नवरा. दात पांढरे, स्वभाव गार दुधासारखा. त्याने तिला विजेची सायकल घेऊन दिली. वसंतात जुन्या ट्रेलरची जाळी एका कोपऱ्यात फाटली तेव्हा सिग्नी मला म्हणाली, "आई, नवा घ्यायला जायचंय. चल ना, तुझं मत हवं."

माझं मत कोणाला हवं असतं तेव्हा मला संशय यायला हवा. पण नातवंडांचं काम म्हणून मी गेले.

सिग्नीची विजेची सायकल घेतली त्याच दुकानात लेनोरा नावाची पिकल्या वेणीची बाई होती. तिने आमच्यासाठी सहा-सात ट्रेलर ओळीने मांडले आणि एकेकाच्या आत डोकं घालून दाखवू लागली. याच्या पाठीला खळगा आहे, हेल्मेट घातलेलं डोकं पुढे ढकललं जात नाही. याची चाकं रुंद, पण दारातून आत जाणार नाहीत, आधी घरचं दार मोजा. याला खाली स्प्रिंग आहेत, लहान पोराची मान हिंदकळत नाही. हा हलका, पण मोठी मुलगी वर्षभरात मावेनाशी होईल. मी कान देऊन ऐकत होते. सिग्नी हसून माना डोलवत होती, पण ऐकत नव्हती. मला तो चेहरा ओळखता येतो.

लेनोराचं बोलून झाल्यावर सिग्नीने पर्समधून फोन काढला. त्यात एक फोटो होता. ऑरिनच्या सायकलच्या मागच्या चाकाचा, अगदी जवळून घेतलेला. नट दिसत होता, त्यावरची कडी दिसत होती, कडेला त्याच्या विजारीचा काठही आला होता. कधी काढला होता कोण जाणे.

"ही मुलांच्या वडिलांची सायकल," सिग्नी म्हणाली. "हिला यातला कोणता बसेल?"

मला बरं वाटलं. म्हटलं, पोरगी विचार करतेय.

"अहो, जवळजवळ सगळे बसतील," लेनोरा म्हणाली. "अशा चाकांना काही प्रश्न नसतो. एक कडी लावायची की झालं. हा सोडून. हा फक्त याच कंपनीच्या विजेच्या सायकलला लागतो, तुमच्या सायकलीसारख्या. याचा दांडाच वेगळा आहे, त्यातून दिव्यांची वायर जाते."

"मग हा नाही बसणार?"

"नाही."

"काही खटपट केली तरी?"

"काहीही केलं तरी नाही. म्हणून तर म्हणते, हा तुमच्या कामाचा..."

"मग हाच द्या," सिग्नी म्हणाली.

लेनोरा हसली. तिला वाटलं, बाईसाहेबांनी गंमत केली. मग तिने सिग्नीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिचं हसू तिथेच विरलं. "अहो, पण मघाशी तुम्ही..."

"याला मागे दिवे आहेत ना," सिग्नी गोड आवाजात म्हणाली. "मुलांच्या सुरक्षिततेपुढे मी काही बघत नाही. हो की नाही, आई?"

मी तोंड उघडलं ते गाडीत बसल्यावर.

"हे काय केलंस?"

"काय केलं? ट्रेलर घेतला."

"तो बाप आहे त्यांचा, सिग्नी."

"आहेच. मी कुठे नाही म्हणते? त्याने शनिवारी यावं, खुशाल यावं. मी एका शब्दाने अडवलंय का?"

"तुला तो यायला नको असेल तर तोंडाने सांग ना त्याला! माणसासारखं भांड!"

"आई, आवाज किती चढतो गं तुझा." तिने माझ्या हातावर हात ठेवला. हात गार होता. "पियर्स म्हणतो मुलांना एकच घर असावं. मी म्हटलं, बघू, हळूहळू होईल. कोणाला दुखवायचं नाहीये मला. आणि रविवारी मुलं तुझ्याकडे येतात ना, ते मला किती आवडतं म्हणून सांगू."

या शेवटच्या वाक्यात धमकी आहे, हे कळायला इथेच जन्मावं लागतं.

पुढच्या शनिवारी ती नवा ट्रेलर लावून आली. लालभडक, दिवे लुकलुकणारे, आत दोन्ही बाजूंना पाण्याच्या बाटलीला जागा. हॅटी राणीसारखी बसली होती. ऑरिन नेहमीसारखा आधीच येऊन उभा होता, डोक्याला हेल्मेट, खिशात मुलांसाठी बिस्किटं. त्याने सायकल मागे घेतली, खाली वाकला, आणि दांडा हातात घेऊन तसाच राहिला.

"अगंबाई!" सिग्नी म्हणाली. "बसत नाहीये का? आम्हाला वाटलं सगळे सारखेच असतात."

त्याने पिशवीतून पाना काढला. गुडघे टेकून गवतात बसला आणि खटपट करू लागला. कडी काढून उलटी लावली, वायरची दोरी केली, दांडा तिरपा धरून बघितला. हाताला तेल लागलं, कपाळाला लागलं. आतून हॅटी विचारत होती, "डॅडी, झालं? डॅडी, आता? मी ओरडू?" बो जाळीला नाक लावून 'डॅडा, डॅडा' करत होता. पियर्स त्या दिवशी बरोबर आला होता. तो म्हणाला, "ऑरिन, कॉफी घेणार? अरे, घाई नाही, सावकाश कर." आणि घड्याळ बघितलं.

शेवटी ऑरिन उठला. म्हणाला, "मी यांना चालत नेतो. धाकट्याला खांद्यावर घेतो."

"पूल ओलांडून?" सिग्नी हळहळली. "इतक्या लांब? बोची झोप... आणि ट्रेलरमधूनच असं आपण ठरवलंय ना रे. तूच हो म्हणाला होतास. एक शनिवार गेला तर काय बिघडतं? पुढच्या वेळी करू काहीतरी."

त्याने बिस्किटांचा पुडा जाळीखालून आत सरकवला आणि गेला.

त्याच्या पुढच्या शनिवारी तो एका मित्राकडून लोखंडी पट्टी जोडून घेऊन आला. सबंध आठवडा संध्याकाळी तेच करत होता. आणि खरं सांगते, बसली ती! दांडा बसला, पिन बसली, हॅटीने श्वास घेतला, ओरडणार इतक्यात सिग्नीने तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "किती मेहनत घेतलीस रे ऑरिन! खरंच, कौतुक आहे." मग ती खाली वाकून पट्टीकडे बघत राहिली. "पण घरी बनवलेलं, त्यावर दोन मुलं... मला रात्री झोप लागणार नाही. तुला तरी लागेल का?" टपालपेटी आडवी केलेल्या माणसाने सुरक्षिततेवर काय बोलायचं? त्याने पट्टी काढून खिशात घातली.

मला झालेला संताप काय सांगू. त्याच आठवड्यात मी सिग्नीच्या गल्लीतून जात होते तर जुना ट्रेलर रस्त्याच्या कडेला ठेवलेला, वर पुठ्ठा: 'फुकट, न्या'. आमच्याकडे ही रीत आहे. नको ते रस्त्याकडेला मांडायचं, ज्याला हवं तो उचलतो, कोणी कोणाला विचारत नाही. कपाट, पाळणा, पियानोसुद्धा जातो. मी गाडी थांबवली, ट्रेलर दुमडून मागे टाकला आणि थेट नदीपलीकडे ऑरिनच्या दारात नेऊन उभा केला.

तो बघतच राहिला. "तिला कळलं तर तुमचे रविवार जातील, आर्डिस."

"माझं मी बघते. जाळी शिवता येते का तुला?"

"येते की."

"मग शीव. गप्पा कसल्या मारतोस."

त्याने जाळी शिवली. चाकांत हवा भरली, गाद्या धुतल्या, हॅटीच्या आवडीचा पिवळा झेंडा लावला. नळाखाली धरून एकेक बक्कल घासलं. शुक्रवारी मी बघून आले, तेव्हा तो रिकामा ट्रेलर लावून गल्लीत फेऱ्या मारत होता आणि प्रत्येक वळणावर मागे बघत होता. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद लग्नातसुद्धा बघितला नव्हता. मला वाटलं, आता कशी अडवते बघू! ट्रेलर आहे, कडी आहे, दुकानातून घेतलेली आहे, ठरल्याप्रमाणे सगळं आहे. काय म्हणणार ती?

आणि शनिवार उजाडला. ऊन छान होतं, तळ्याकाठी गर्दी होती. सिग्नी लाल ट्रेलर घेऊन आली. ऑरिनच्या मागे जुना बघितल्यावर तिची पापणीसुद्धा हलली नाही. एकदा फक्त माझ्याकडे बघितलं, आणि हसली.

"अरे वा, हा सापडला का तुला! किती छान झालं," ती म्हणाली. मग ती नव्या ट्रेलरपाशी गेली, आपल्या सायकलपासून दांडा सोडवला, जाळी उघडली, आणि हॅटीचा हात धरून तिला बाहेर काढलं. "थांब हं, ऑरिन. आम्ही मुलांवर काही लादत नाही. तुला ठाऊक आहे."

हे खरं आहे. तिच्या घरात सगळं मुलांना विचारून होतं. लाल मोजे की निळे, सफरचंद की गाजर.

दोन्ही ट्रेलर गवतावर शेजारी शेजारी उभे. एक लाल, दिवे लुकलुकणारा. दुसरा फिकट निळा, कोपऱ्यात काळ्या दोऱ्याची शिवण. सिग्नी हॅटीसमोर उकिडवी बसली, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"हॅटी, राणी, तुला कोणत्या ट्रेलरमध्ये बसायचंय? तू निवड. तू निवडशील तेच आपण करू."

"सिग्नी," ऑरिन म्हणाला. त्याला कळलं होतं. मलाही कळलं होतं. "सिग्नी, असं तिला नको विचारूस. माझ्या पाया पडायला सांग, पडतो. पण तिला नको."

"मी ट्रेलरबद्दल विचारतेय फक्त," सिग्नी म्हणाली. "कोणता, पिल्लू?"

हॅटीने दोन्हीकडे नीट बघून घेतलं. चार वर्षांचं पोर ते. जुन्या ट्रेलरजवळ जाऊन तिने शिवणीला बोट लावलं, पिवळा झेंडा बघून हसली. ऑरिन श्वास रोखून उभा होता. मग तिने नव्यातला लुकलुकणारा दिवा बघितला, बाटलीची जागा बघितली. आणि धावत जाऊन लालमध्ये बोच्या शेजारी बसली.

"हा! मला हा!" ती म्हणाली. आपला पट्टा आपणच लावला. मोठी झाली आहे आता, येतो तिला. मग आम्हा सगळ्यांकडे बघून फर्मावलं, "आता चला ना!"

सिग्नीने जाळी खाली ओढून घेतली, दांडा उचलला, आपल्या सायकलच्या कडीत सरकवला. खट् झालं.

"जोडलं!" हॅटी आतून ओरडली, अगदी मनापासून, दोन शनिवारांची कसर काढून. "डॅडी, जोडलं! मार पायडल!"

सिग्नी सायकलवर बसली. ट्रेलर हलला, घराच्या दिशेने वळला. तेव्हा पोरीने जाळीतून समोरची पाठ बघितली.

"मॉम? तू का? आज डॅडीचा वार आहे ना?"

"अगं, तूच हा निवडलास ना, राणी," सिग्नी म्हणाली.

"मी ट्रेलर निवडला! मॉम, मी ट्रेलर निवडला! डॅडी!" बोही तिच्याबरोबर रडू लागला. विजेची सायकल भरभर जाते. तळ्याकाठच्या वाटेवर एक पूल लागतो, त्याच्याखालून ओरडण्याचा आवाज थोडा वेळ घुमला आणि मग तोही ऐकू येईना.

त्याआधी, वळणावर, सिग्नी माझ्यापाशी क्षणभर थांबली होती. "आई, उद्या जरा आमची गडबड आहे," ती म्हणाली. "पुढच्या रविवारचं कळवते." मी तिला भर तळ्याकाठी, सगळ्यांदेखत, बसच्या ड्रायव्हरलाच माहीत असतात त्या शिव्या घातल्या. पळणारे लोक थांबले. त्यांच्या नजरेत आमच्यातली वेडी मीच होते.

ऑरिन जुन्या ट्रेलरपाशी वाकला होता. आत हात घालून त्याने दोन्ही जागांचे पट्टे एकमेकांत अडकवले, बक्कलं लावली, ओढून घट्ट केली, जशी मुलांना बसवताना करतो. मग जाळी खाली घेतली आणि टोकं खोचली.

"सैल राहिले की चाकात जातात," तो मला म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं.

तो सायकलवर बसला, पण पायडल मारेना. मला आधी वाटलं त्याला रडू येतंय. मग कळलं, तो मागून आवाज यायची वाट बघतोय. थोड्या वेळाने त्याने पायडल मारलं आणि नदीच्या बाजूने निघाला, मुलं आत असल्यावर चालवायचा तसाच, खड्डे चुकवत, हळू.